घंगाळातील मत्स्यसमुदाय

११ जून १९७२, रविवार. सकाळी ६

आजपासून संशोधन. निर्णय पक्का.

रत्नागिरीच्या एका कॉलेजात जानेवारीत परिषद भरणार आहे. विषय: ओढे आणि खाडीकाठची दलदल यांतील मत्स्यसमुदाय. पेपरात कोपऱ्यात बातमी होती. राज्यभरातील अभ्यासकांनी निबंध पाठवावेत. राज्यभरातील म्हणजे घोडेगावसुद्धा आलं. आमच्याकडे खाडी नाही, पण ओढा आहे. ओढ्यात पाणी नाही, पण मृग लागला आहे.

पात्रतेचा विचार केला. हायस्कुलात भूगोल शिकवतो. विज्ञानाच्या सरांची जागा दिवाळीपासून रिकामी, तो तासही मीच ढकलतो. शिवाय नाव मच्छिंद्र. मच्छिंद्रनाथ माशाच्या पोटी जन्मले असं वडील सांगायचे. नावातच विषय आहे. इतकी वर्षं हे ध्यानात कसं आलं नाही याचंच नवल वाटतं.

अडचण एकच. आमचं घर माळकरी. आजवर मासा फक्त चित्रात पाहिला. पण मन कोरं असणं हे संशोधकाचं मोठं भांडवल.

सौ.ला (चांगुणा, माहेर राहाता) निर्णय सांगितला. ती भाकरी थापत होती. मागे न बघता म्हणाली, मच्छरदाणीला हात लावायचा न्हाई.

१८ जून, रविवार

मच्छरदाणीची जाळी उत्तम झाली. सौ. बोलत नाही. डास बोलतात.

ओढ्याची पाहणी केली. दगडांवर खडूने अ, ब, क अशी केंद्रं लिहिली. अ कोरडं. ब कोरडं. क कोरडं, पण तिथे मंडळी सकाळी लोटा घेऊन येतात, त्यामुळे पाहणी घाईत उरकावी लागली. एका गृहस्थांनी बसल्या जागेवरून "राम राम मास्तर" केलं. मीही केलं. संशोधकाने लोकांशी संबंध चांगले ठेवावेत.

निष्कर्ष: मासे सध्या दिसत नाहीत.

बाजारतळाजवळ आसारामचं हॉटेल आहे. चहा, शेव आणि गप्पा. आसारामला माझं महत्त्व कळतं. गावात असा तो एकटाच. त्याला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मास्तर, तुमी काय बी करा, पर करा." आणि बिस्किटांची रिकामी बरणी नमुने ठेवायला दिली. उद्या माझं नाव झालं तर आसारामचा उल्लेख अवश्य करायचा.

२ जुलै, रविवार. संध्याकाळी

पाऊस झाला. दुपारी, थोडाच वेळ, पण ओढा वाहिला. दुर्दैवाने मी तेव्हा झोपलो होतो. बुद्धीचं काम करणाऱ्याला विश्रांती लागते. उठून, जाळी शोधून, खाकी चड्डी चढवून पोचलो तर ओढा वाहून गेला होता.

ब केंद्रावर मोठ्या खडकाच्या पोटाशी एक डबकं मात्र उरलं आहे. फार मोठं नाही. पण मला मोठेपणाची हाव नाही.

संकल्प: दुपारची झोप बंद.

९ जुलै, रविवार

झोप लागली. पाऊस आला नाही, त्यामुळे नुकसान नाही.

१६ जुलै, रविवार. सकाळी ७

मासे!

घाईत लिहितो आहे, अक्षराकडे पाहू नये. डबक्यात शेकडो मासे आहेत. काळेभोर, डोकं गोल, मागे वळवळती शेपूट. खवले नाहीत. पर नाहीत. पुस्तकातल्या एकाही माशासारखे दिसत नाहीत. याचा अर्थ उघड आहे. ही जात अजून कोणाला सापडलेलीच नाही.

नाव ठेवलं: कृष्णमत्स्य दरंदले. आमच्या आडनावाला आजवर कोणी मासा जोडला नव्हता.

बरणीत काही नमुने घेऊन थेट आसारामकडे गेलो. तो बराच वेळ बरणीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग पुन्हा बरणीकडे. "मास्तर, हे मासे हायेत व्हय?" म्हणाला. मी म्हणालो, हो. तो म्हणाला, "तुमी म्हन्ता तर असतील." केवढा विश्वास.

घरी सौ.ने बरणी पाहिली आणि अबोला सोडला. "अहो, ही तर..." एवढं म्हणाली. मी हात वर करून तिला थांबवलं. निरीक्षणाच्या पहिल्याच दिवशी इतरांची मतं ऐकली की नजर गढूळ होते.

२३ जुलै, रविवार

संशोधनात पहिला अडथळा. झुंबरबाईची म्हैस.

झुंबरबाई ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एकटी राहते. वय झालंय, पण आवाज झालेला नाही. तिच्या विहिरीने तळ दाखवलाय, म्हणून म्हैस डबक्यावर आणते. आज पोचलो तेव्हा म्हैस माझ्या ब केंद्रात बसलेली होती. पूर्ण.

मी सांगितलं, हे शास्त्राचं काम आहे, म्हैस उठवा. ती म्हणाली, "मास्तर, म्हशीला तहान लागती. तुमच्या त्या वळवळ्यांना लागती का?" मी म्हणालो, ते पाण्यातच राहतात. ती म्हणाली, "मंग त्यांचं बरं चाललंय की. माझ्या म्हशीचं बगा."

याला शास्त्रीय उत्तर आहे. त्या वेळी आठवलं नाही.

शेवटी तडजोड झाली. म्हशीने प्यायचं, बसायचं नाही. झुंबरबाईला मान्य. म्हशीला नाही.

२८ जुलै, शुक्रवार

डबक्याशी पाटी लावली. शाळेचा फळा पुसून स्वतः अक्षरं काढली: 'येथे संशोधन चालू आहे. म्हशींनी आत येऊ नये.'

आज बाजार. यंदा बाजारात जनावरं घेणारे कमी आणि विकणारे फार. चारा नाही, पाणी नाही, लोक दावणी सोडून आणतात. ओढ्याकडे रांग लागली. एका व्यापाऱ्याने पाटी मोठ्याने वाचली आणि विचारलं, "मास्तर, बैलांचं काय?" पाटीवर बैलांचा उल्लेख नव्हता. कायद्याने त्याचं बरोबर होतं. बैल आत गेले.

दुपारपर्यंत डबकं निम्मं. मासे चिखलात दाटीवाटीने. मी जाळी धरून मध्ये उभा राहिलो, तर एका बैलाने माझी चड्डी चाटली. अंगाला घामाचं मीठ असतं म्हणून चाटतात, असं झुंबरबाई म्हणाली. तिला हसायला काय झालं होतं कळलं नाही.

६ ऑगस्ट, रविवार

परिषद भरवणाऱ्या रत्नागिरीच्या प्रोफेसरांना मी सविस्तर लिहिलं होतं. त्यांचं कार्ड आलं. 'वर्णन कुतूहलजनक. कल्ले, पर, खवले यांविषयी नीट पाहून कळवावे. हे मासेच आहेत ना?'

शेवटचं वाक्य म्हणजे मोठ्या माणसांचा विनोद. मीही उत्तरात थोडा विनोद घातला: 'हत्ती तर नक्कीच नाहीत.'

१३ ऑगस्ट, रविवार

डबकं आता परातीएवढं उरलंय. स्थलांतराचा निर्णय घेतला. सगळा मत्स्यसमुदाय हंड्यात भरून घरी आणला आणि घंगाळात सोडला. घंगाळ तांब्याचं, सौ.च्या आईवडिलांनी राहात्याहून लग्नात दिलेलं. माशांना त्यात ऐसपैस वाटतं. आंघोळ आम्ही आता तांब्यात उरकतो. आमचा तांब्याही तांब्याचाच आहे, पण तो लहान.

गावाला पाणी टँकरचं. शाळेपाशी टँकर लागतो आणि बायका उजाडायच्या आत घागरी मांडून ठेवतात. सौ. दोन खेपा करत होती, आता माशांसाठी तिसरी. ती म्हणाली, मान्सांना पुरंना आन् ह्यांना कुठनं आनू? मी म्हणालो, यांना आपल्याच कुटुंबातलं समज. त्यावर ती जे बोलली त्याचा संशोधनाशी संबंध नव्हता.

संकल्प: एखादी खेप आपण स्वतः करायची. पुढच्या आठवड्यापासून.

२० ऑगस्ट, रविवार

खेपेचं जमलं नाही. बायकांच्या रांगेत पुरुषाने उभं राहणं बरं दिसत नाही.

मासे भाकरीचा चुरा खातात. संख्या मात्र घटते आहे. समुदायात अंतर्गत वाद असावेत.

२७ ऑगस्ट, रविवार. सकाळी

आजचा दिवस इतिहासात जाणार.

सौ. न्हाणीतून ओरडली, "अहो, या हितं, पाय फुटले!" मला वाटलं तिच्या टाचांना भेगा पडल्या. जाऊन पाहतो तर माशांना पाय! शेपटीच्या मुळाशी दोन, बारीक, पण पाय म्हणजे पाय.

खूप विचार केला. माशाला पाय फुटायला पूर्वी कोट्यवधी वर्षं लागली. घोडेगावात ते दीड महिन्यात झालं. कारण? दुष्काळ! पाणी मिळत नाही म्हटल्यावर माशाने चालायचं ठरवलं. कोकणातल्या प्रोफेसरांना हे सुचणं शक्य नाही, त्यांच्याकडे पाऊस पडतो. मोठ्या शोधाला परिस्थिती अनुकूल लागते. आमची परिस्थिती यंदा फारच अनुकूल आहे.

निबंधाचा मथळा बदलला: 'दुष्काळामुळे माशांना फुटणारे पाय'. रजिस्टर पोस्टाने पाठवला.

सौ. म्हणाली, "अहो, मी काय म्हन्ते, ही तर..." मी म्हणालो, आज नको. आज मला आनंदात राहू दे. ती गप्प बसली. समजूतदार आहे.

हेडमास्तरांना सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि आठ दिवस रजा घ्या म्हणाले. संशोधनाला वेळ द्यावा असं त्यांना मनापासून वाटतंय.

१० सप्टेंबर, रविवार

पुढचेही दोन पाय आले. शेपूट आखडली. तर्कशुद्ध आहे: पोहायचं नाही तर शेपूट हवी कशाला?

एक मासा घंगाळातल्या पाय घासायच्या वजरीवर चढून बसला होता. मी जवळ गेलो तर त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख होती. एक देव्हाऱ्यात सापडला, एक सौ.च्या पिठाच्या डब्यामागे. मुलूखगिरी सुरू झाली म्हणायची.

प्रोफेसरांचं कार्ड आलं. 'आपण वर्णन केलेला प्राणी बेडूक आहे. कळावे.'

बस. एवढंच. नमुना न पाहता, दोनशे मैलांवरून! रत्नागिरीचे बेडूक असे दिसत असतीलही. त्याला घोडेगावचे मासे काय करणार? कार्ड कपाटात कपड्यांखाली ठेवलं. सौ.च्या हाती लागलं तर तिचा माझ्यावरचा विश्वास उडेल.

१७ सप्टेंबर, रविवार. दुपारी

दारात अर्धं गाव. पुढे आसाराम, त्याने टोपी काढून हातात धरलेली. मागे झुंबरबाई. मला वाटलं सत्कार.

उत्तरा नक्षत्र कोरडं चाललंय. हस्त तरी पडावा म्हणून गाव धोंडी काढणार. धोंडी म्हणजे एकाला कडुलिंबाच्या डहाळ्यांनी झाकायचं, मुसळाला जिवंत बेडूक बांधायचा आणि पावसाला हाका मारत घरोघर फिरायचं. बायांनी वरून पाणी ओतायचं. सगळी तयारी झाली, पण बेडूक मिळेना. विहिरी कोरड्या, ओढा कोरडा, सगळं शिवार पालथं घातलं, एक बेडूक नाही.

आसाराम हात जोडून म्हणाला, "मास्तर, गावाची इज्जत तुमच्या हातात हाय. एक बेडूक द्या."

मी शांतपणे सांगितलं की माझ्याकडे बेडूक नाहीत.

तेवढ्यात घंगाळातून एक नमुना उडी मारून उंबऱ्यावर येऊन बसला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

"मंग ह्ये काय हाय?" झुंबरबाईने विचारलं.

मी म्हणालो, हा मासा आहे. दुष्काळामुळे त्याला पाय आलेत. मग दुष्काळ आणि पाय यांचा संबंध सविस्तर समजावला. लोकांनी ऐकून घेतलं, कारण आमच्याकडे मास्तरांना मध्येच तोडत नाहीत. आसाराम मान खाली घालून म्हणाला, "बरं, मासा तर मासा. त्योच द्या."

मी नकार दिला. शास्त्राचा नमुना मुसळाला बांधू देणार नाही. लोक निघून गेले. आसारामने टोपी घातली नाही, तशीच हातात घेऊन गेला. मला जरा वाईट वाटलं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

१९ सप्टेंबर, मंगळवार

धोंडी निघाली. मी दारात उभा राहून पाहत होतो. मुसळाला नमुना बांधलेला! उजव्या पायावर पांढरा ठिपका, म्हणजे माझाच. सौ.ने मागच्या दाराने दिला होता. विचारलं तर म्हणाली, "गावानं मागितलं, आपण न्हाई म्हनायचं?"

यंदा वरून पाणी ओतणं कोणाला परवडतंय? प्रत्येक घरी पळीने दोन थेंब शिंपडत होते. डहाळ्यांखालचा माणूस घामानेच जास्त भिजला. मी वही घेऊन मागे मागे फिरलो, नमुन्याच्या वर्तनाच्या नोंदी घ्यायला. लोकांना वाटलं मी सामील झालोय. एका म्हातारीने माझ्यावरही पळी शिंपडली.

२४ सप्टेंबर, रविवार

पाऊस नाही. ढगसुद्धा नाही.

गावात नवीनच बोलणं सुरू झालंय. पावसाला बेडूक लागतो, मास्तरांनी मासा दिला, म्हणून पाऊस आला नाही. मासा बांधलेला पाहून देव उलट रागावला असणार. हे बोलतंय कोण? तेच लोक, ज्यांना मी दारात उभं राहून पटवत होतो! आता सगळ्यांना पटलंय. अगदी शब्दन् शब्द. दुष्काळामुळे पाय येतात हेही आसारामच्या हॉटेलात एक जण दुसऱ्याला समजावत होता.

शास्त्राचा प्रसार इतका झपाट्याने होतो हे पाहून बरं वाटायला हवं होतं.

आज सौ. टँकरवरून रिकाम्या घागरी घेऊन आली. बायकांनी रांगेत उभं राहू दिलं नाही. म्हणाल्या, तुझ्या नवऱ्यानं गावाचा पाऊस अडवला, तू घरच्या माशांना पाज. ती रडली नाही. घागरी पालथ्या घातल्या आणि भिंतीला टेकून बसली. पायाच्या बोटांना खडे लागलेले. संध्याकाळी मी चहा मागितला. ती म्हणाली, "कशाचा करू?"

२५ सप्टेंबर, सोमवार

घरात कालचं तांब्याभर पाणी. आसारामकडे गेलो, घागरभर देशील का विचारायला. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "मास्तर, तुमच्यावर माझा लई इश्वास हुता. तुमी मासा म्हनला, मी मासा म्हनलो. आता गाव मला इचारतंय."

घागर दिली. पण चहा विचारला नाही. ते जास्त लागलं.

२७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी कपाटातून प्रोफेसरांचं कार्ड काढलं. एक नमुना बरणीत घेतला. टँकरपाशी गेलो. सगळ्या बाया, मागे पुरुष. मी कार्ड उंच धरून मोठ्याने वाचलं: आपण वर्णन केलेला प्राणी बेडूक आहे. कळावे. मग म्हणालो, लोकहो, तो बेडूकच होता. बेडूकच आहे. रत्नागिरीच्या मोठ्या माणसाने लिहून दिलंय.

आयुष्यात इतकं जड वाक्य बोललो नव्हतो. आणि त्याचा उपयोग झाला नाही! आसाराम म्हणाला, "रत्नागिरीवाल्याला आपल्या गावची मासळी काय म्हाईत?" हे माझंच मत होतं. त्याला मी ते कधी सांगितलं, आठवत नाही.

तेव्हा झुंबरबाई पुढे आली. म्हणाली, वाद कशाला, खाली ठेवा. उडी मारली तर बेडूक, तडफडला तर मासा. सगळ्यांना पटलं. मी बरणी आडवी केली. नमुना बाहेर आला आणि बसला.

बसला तो बसलाच. टँकरच्या ड्रायव्हरनेही नळ बंद केला. घरात दिवसभर उंबरे ओलांडणारा हा प्राणी, आज जागचा हलेना. मी हळूच म्हणालो, मार. नाही. टाळी वाजवली. नाही. शेवटी गुडघ्यांवर बसलो, दोन्ही हात जमिनीला टेकले आणि त्याला दिसेल अशी एक उडी मारली. कोणी हसलं नाही. म्हणून आणखी एक मारली. मागून सौ.चा आवाज आला, "अहो, पुरे." पण त्या क्षणी माझ्यासमोर संशोधन नव्हतं, रिकाम्या घागरी होत्या. तिसरी उडी मारताना पाठीत उसण भरली. मी तसाच चार पायांवर राहिलो.

मग त्याने उडी मारली. झुंबरबाईच्या घागरीत, नेमकी.

"बेडूक हाय," झुंबरबाई म्हणाली. घागर तिरपी करून त्याला बाहेर काढलं आणि त्याच पाण्याचा एक घोट घेतला, म्हणजे प्रश्न मिटला. बायांनी चांगुणाला जागा दिली.

कोणीतरी विचारलं, "बेडूक हुता तर मंग पाऊस का न्हाई?" झुंबरबाई म्हणाली, ते त्या बिचाऱ्याला काय इचारता.

आसारामने मला उठवलं आणि घरी आणलं. वाटेत एवढंच म्हणाला, "उडी बेस मारली मास्तर."

८ ऑक्टोबर, रविवार

पाठ बरी आहे. चांगुणाने तेल लावलं. तिला विचारलं, पहिल्या दिवशी तू काय सांगत होतीस? ती म्हणाली, आता कशाला. बराच आग्रह केल्यावर म्हणाली, "बेडकाची पिल्लं हायेत म्हनत हुते." मी म्हणालो, मग जोर देऊन सांगायचं. तिने तेलाची वाटी ठेवली आणि उठून गेली.

घंगाळ घासून उन्हात ठेवलं. बाकीचे बेडूक एकेक करून घरातून निघून गेले. कुठे गेले याची नोंद नाही. बाकी सगळ्या नोंदींची नक्कल प्रोफेसरांना पाठवून दिली.

एक खेप आता मी करतो. बाया पुढे जाऊ देतात. म्हणतात, मास्तरांना घाई असंल.

५ नोव्हेंबर, रविवार

प्रोफेसरांचं पाकीट. कार्ड नव्हे, पाकीट! लिहितात, दुष्काळाच्या वर्षात बेडकांच्या वाढीच्या इतक्या नियमित नोंदी कोणी ठेवल्याचं ऐकिवात नाही. पाय केव्हा, शेपूट केव्हा, सगळं उपयोगी आहे. 'माशांविषयीचा मजकूर वगळून' परिषदेत वाचावं.

मजकुरातून मासे वगळल्यावर एक पान उरलं. पण भरीव पान आहे. मथळा: 'घोडेगाव येथील बेडूक'. मला वाटतं शेवटी हाच निबंध गाजणार. मासे सगळेच वाचतील. बेडूक मी एकटा.

आसारामने सगळ्या हॉटेलात सांगितलं. झुंबरबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडते, तिलाही जाऊन सांगितलं. तिची म्हैस गेली. बाजारात नाही, घरीच. तिने हातातला हातोडा खाली ठेवला आणि विचारलं, रत्नागिरीला पानी हाय का? मी म्हणालो, भरपूर. समुद्रच आहे. ती म्हणाली, "मंग बायकूला न्या."

मीही तेच ठरवणार होतो.

१३ जानेवारी १९७३, शनिवार. रत्नागिरी

एस.टी.चा प्रवास. चांगुणा घाट उतरताना डोळे मिटून बसली होती, मी दऱ्यांची माहिती दिली.

माझा निबंध जेवणानंतर होता. सकाळी हॉल भरलेला. जेवण उत्तम झालं. माशांचंच होतं, आम्ही वरणभात घेतला. जेवणानंतर हॉलमध्ये अध्यक्ष, प्रोफेसर आणि एक गृहस्थ होते. ते गृहस्थ पंखा दुरुस्त करायला आले होते असं नंतर कळलं. मागच्या बाकावर चांगुणा, नवं लुगडं नेसून.

मी वाचलं. मोठ्याने वाचलं, पंखेवाल्यालाही ऐकू जाईल असं. अध्यक्षांनी विचारलं, तुमच्या ओढ्यात मासे कोणते? मी म्हणालो, ओढ्याला पाणी नव्हतं. मग डबक्यात? बेडूक. आणि घंगाळात? तेच. अध्यक्षांनी मान डोलावली आणि श्री. दरंदले यांनी माशांच्या अभावावर चांगला प्रकाश टाकला म्हणून आभार मानले. प्रोफेसरांनी टाळ्या वाजवल्या. चांगुणानेही वाजवल्या, पण तोवर त्यांच्या संपल्या होत्या.

प्रोफेसर भले गृहस्थ आहेत. पुढच्या वर्षी काय करणार विचारलं. काहीतरी भारदस्त सांगणार होतो. सुचलं नाही.

१४ जानेवारी, रविवार. संध्याकाळी, रत्नागिरी

चांगुणाला समुद्र दाखवला. मीही पहिल्यांदाच पाहिला, पण भूगोल शिकवणाऱ्याने ते बोलून दाखवायचं नसतं. लाटा, भरती, ओहोटी, क्षितिज, सगळं सांगायला सुरुवात केली. तिचं लक्ष नव्हतं. ती नुसती बघत होती. आमच्या गावची सगळी घरं, सगळ्या घागरी, टँकर, काय काय मनात मोजत असेल कोण जाणे.

मग पदर खोचून पाण्यात गेली. वाकली, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. मी सांगायच्या आत.

थुंकली. वळून म्हणाली, "खारट हाय."

मी म्हणालो, हो.

"समदं?"

मी म्हणालो, समदं.

तिने पदराने तोंड पुसलं. मग विचारलं, "मंग हितली लोकं प्यायला कुठनं आनतात?"

मला माहीत नव्हतं. सागर, उपसागर, आखात, खाडी, सगळ्यांच्या व्याख्या येतात. हे पुस्तकात नाही.

वाळूवरून एक बाई चालली होती. डोक्यावर हंडा, वर कळशी. चांगुणा तिच्या मागे गेली. दोघी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. ती बाई हाताने वर टेकाडाकडे दाखवत होती. मी चपला हातात धरून होतो तिथेच थांबलो.

परत आल्यावर म्हणाली, "हीर लांब हाय म्हन्ती. उन्हाळ्यात लई हाल." पायाची वाळू झटकली. मग म्हणाली, "उद्याच निघू. रांजण रिकामा ठिवून आलोय."

उद्या सकाळची गाडी.